पंच मारायच्या आधी

देवानंद बोरकुटे माझा साडू. माझी बायको कांता अन् त्याची बायको सुशीला सख्ख्या बहिणी; एवढ्या एका कारणासाठी मले हा माणूस पंचवीस वर्षं सहन करावा लागला. आधीच सांगून ठेवतो, मले तो आवडत नव्हता. आताही आवडत नाही. शेषराव रिटायर झाला, मऊ पडला असेल, असं कोणाले वाटत असेल तं त्यानं तो गैरसमज काढून टाकावा.

मी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधे वेल्डर होतो. सेक्टर सहामधे कंपनीचं क्वार्टर, दारात सायकल, आठवड्याची सुटी मंगळवारी. चौऱ्याहत्तर साली सासऱ्याचं हिंगणघाटहून कार्ड आलं, धाकटे जावई हाताचे हुशार आहेत, तिकडं कुठं चिकटवता आले तं पहा. मी फोरमनच्या मागंमागं दोन महिने फिरलो. त्याच्या घरच्या कूलरले स्टँड करून दिलं, त्याचं गेट नीट करून दिलं, तेव्हा कुठं देवानंद हेल्परमधे लागला. तीन दिवस आला. चौथ्या दिवशी भोंगा झाला, हजेरी झाली, या साहेबाचा पत्ता नाही. शिफ्ट सुटल्यावर मी सरळ कोहका वस्तीतल्या त्याच्या खोलीवर गेलो. हा पडवीत मांडी घालून बसला होता अन् कोण्या ट्रकचा फुटका रेडिएटर खोलून राहिला होता.

"कावून नाही आला बे?"

"भाऊजी, मले भोंग्यावर जगता येत नाही," तो म्हणे. "भोंगा वाजला की उठा, भोंगा वाजला की जेवा. मानूस हाये का बैल?"

म्हणजे मी बैल! बरं, मी बैल. पण आता फोरमनले मी कोणतं तोंड दाखवू? त्या फोरमननं पुढची दोन वर्षं मले ऐन उन्हाळ्यात भट्टीजवळची कामं दिली. बनियन अंगावरच वाळायची अन् अंगावरच पुन्हा भिजायची, अन् दर वेळी मी देवानंदच्या नावानं बोटं मोडायचो. आमचं बिनसलं ते तिथून.

त्यानं कोहक्याच्या वळणावर चार टिनं ठोकली अन् रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मागं राहायची खोली, पुढं दुकान, अन् दुकानासमोर एक सिमेंटचा हौद, कमरेएवढा. त्या हौदापाशी तो राजा. गिऱ्हाइकाशी बोलायची त्याची रीत तुम्ही ऐकली असती तं दुसऱ्या दिवशी तिकडं फिरकले नसते. ट्रकवाले ड्रायव्हर रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकतात, हळद भोकात जाऊन बसते अन् गाडी घरापर्यंत येते. देवानंदनं झाकण उघडलं अन् हळदीचा वास आला की झालं. "रेडिएटर हाये का कढी? मोहरीची फोडनीबी देऊन आणायची होती!" ड्रायव्हरले तो भर रस्त्यावर असा झोडायचा की त्या बिचाऱ्यानं पुन्हा घरच्या भाजीतही हळद टाकू नये. आणि तरी लोक त्याच्याकडंच यायचे. दुर्ग-रायपूर रोडवर रेडिएटरवाले काही कमी नव्हते. पण यायचे इथंच.

त्याचं कारण तो हौद. त्याची एक पद्धत होती, तिले तो "पानी दाखवणं" म्हणायचा. काम झालं की रेडिएटरची तोंडं रबरी बुचानं बंद करायची, एका नळीतून पायपंपानं हवा भरायची अन् अख्खा रेडिएटर हौदात बुडवायचा. कुठं जरी जोड कच्चा असला तरी पाण्यात बुडबुडा येणार. पण हे तो एकटा करत नव्हता. चार माणसं जमा झाल्याशिवाय बुडवायचाच नाही. गिऱ्हाईक, शेजारचा चहावाला ओमप्रकाश, रस्त्यानं जाणारा कोणी, सगळ्यांनी हौदाभोवती वाकायचं. मग देवानंद शंभरपर्यंत आकडे मोजायचा. मोजताना कोणी खोकलं तरी डोळे वटारायचा. शंभर झाले की ओरडायचा, "बोला!" ज्याले बुडबुडा दिसला असेल त्यानं तेव्हा बोलायचं. कोणी नाही बोललं, तं तो रेडिएटर बाहेर काढायचा, पुसायचा, अन् हातोडीनं त्यावर पंच मारायचा. पोलादाचा छोटा पंच, त्यावर 'दे' एवढं एकच अक्षर, शेजारी सालाचा आकडा. "ज्याच्यावर माझा पंच पडला," तो म्हणायचा, "तो वापस येत नाही." अन् खरंच येत नव्हता, हे मले कबूल करावंच लागेल. मनाविरुद्ध करतो.

आता माझं ऐका. दर मंगळवारी कांता माझ्या सायकलले पिशवी अडकवायची. कधी सांडगे, कधी लोणचं, कधी नुसतंच "सुशीलाले पाहून या." मी जायचो अन् सरळ हौदापाशी उभा राहायचो. जोड पाहण्यात माझं आयुष्य गेलं होतं. सगळे पाण्याच्या मधात पाहत असायचे, मी कोपरे पाहायचो. "शंभर! बोला!" सगळे गप्प. मग मी सावकाश म्हणायचो, "खालच्या टाकीचा डावा कोपरा. मोहरीएवढा हाये. दम धरून पाय."

बाप्पा! काय तोंड व्हायचं त्याचं! पंपाले लाथ मारायचा. "तुमाले घरी काई काम नाही का, भाऊजी? कांताताईनं हाकलून देल्लं का?" पण रेडिएटर पुन्हा खोलायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा रांगा लावायचा, म्हणजे ते शिसं अन् कथील मिसळलेलं, जोडात वितळून बसणारं. अन् पुन्हा बुडवायचा. मी ओमप्रकाशकडून चहा घ्यायचो अन् बसून पाहायचो. खोटं कायले बोलू, माझ्या आठवड्याची तेवढीच मजा होती. मंगळवारी त्याच्याकडं हमखास अवघड माल निघायचा, कुठं दहा ठिकाणी जोडलेला, कुठं पार सडलेला. मले वाटायचं, माझं नशीब जोरावर आहे.

अशी चोवीस वर्षं गेली. लग्नं झाली, बारशी झाली, सासरा गेला, सासू गेली. आम्ही एका पंगतीत बसायचो अन् एकमेकांच्या ताटात पाहून टोमणे मारायचो. तो म्हणायचा, प्लांटवाल्यांना भूक पण भोंगा झाल्यावरच लागते. मी म्हणायचो, काही लोकांना तं भोंगाही ऐकू येत नाही. कांता अन् सुशीला कपाळावर हात मारायच्या.

त्यातच नव्वदनंतर गाड्या बदलल्या. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या. फुटले की फेका अन् नवीन लावा. तांब्या-पितळेचं काम घटत चाललं. मी मंगळवारी जायचो तं हौदातलं पाणी शेवाळलेलं दिसायचं. देवानंद बसून राहायचा अन् जुने पंप तेलानं पुसायचा. मी म्हणायचो, "काय, आज पानी दाखवत नाही?" तो तिकडं पाहायचाच नाही. सुशीला एकदा मले दाराशी हळूच म्हणाली, "भाऊजी, हे रात्रभर कूस बदलतात. म्हनतात, दुकान गेलं तं मी काय करू, मले दुसरं येतेच काय?" मी म्हटलं, मी चौऱ्याहत्तर सालीच सांगत होतो. हे मी तिले म्हटलं. तिच्या तोंडावर.

अठ्ठ्याण्णव साली मार्चमधे केवलराम आला. हा ठेकेदार. दल्ली राजहरा अन् पुढं बस्तरपर्यंत खाणीच्या साहेब लोकांना नेण्या-आणण्यासाठी त्याच्या गाड्या लागलेल्या होत्या. नवीन डिझेल गाडी घेतली होती, टर्बोवाली. त्या वेळी अशी गाडी आली की लोक बॉनेट उघडून पाहायले जमायचे.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात हवा कोंबणारा पंखा. जास्त हवा, जास्त ताकद. पण कोंबलेली हवा तापते, तापली की फुगते, अन् फुगलेली हवा कमी मावते. म्हणून ती इंजिनात जाण्याआधी मधात एक जाळी लावलेली असते, तिच्यातून हवा थंड होऊन पुढं जाते. तिले इंटरकूलर म्हणतात. आमच्या प्लांटमधे भट्टीत फुंकायची हवा मुद्दाम तापवतात, अन् इथं फुंकलेली हवा थंड करतात, मले गंमतच वाटली होती. दिसायले तो इंटरकूलर रेडिएटरचा लहान भाऊ. केवलरामच्या गाडीत जो होता तो फारच लहान, ॲल्युमिनियमचा, फुलस्केप वहीएवढा. उन्हात सहा माणसं बसवून केशकालचा घाट चढायचा म्हटलं की गाडी अर्ध्यात दम सोडायची.

"बोरकुटे, बड़ा वाला बना सकते हो क्या?" केवलराम म्हणाला. "ये चल गया तो बाकी सात गाड़ी भी तुम्हारी. और मैं दस लोगों को बोलूँगा."

आता समजलं ना काय होतं ते? सात गाड्या. अन् पुढं येणाऱ्या सगळ्या टर्बो गाड्या, ज्यांचं काम भिलाई-दुर्गात कोणाले येत नव्हतं. देवानंदचं मरत चाललेलं दुकान या एका जाळीवर उभं राहणार होतं, नाही तं बसणार होतं. सुशीलानं मारुतीले नारळ बोलला.

तीन आठवडे तो त्या कामात गाडून घेतल्यासारखा होता. ट्रकच्या रेडिएटरची तांब्याची जाळी कापली, पितळी पत्र्याच्या टाक्या ठोकून गोल केल्या, जुन्या इंटरकूलरच्या अडीचपट मोठा नवा घडवला. "तांबं हाये भाऊजी," तो मले म्हणाला, स्वतःहून बोलला हेच नवल, "ॲल्युमिनियमपेक्षा तांबं केव्हाही जास्त थंड करते. कंपनीवाल्यांनी पैसे वाचवले." हे त्याचं खरं होतं. ठोकाठोकी तर अशी केली होती की मी हात फिरवून पाहिला अन् मले कुठं बोट अडकवता आलं नाही. त्यानं माझं मन खूप खराब झालं.

मंगळवारी त्यानं पाणी दाखवलं. एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचं ऊन. केवलराम, त्याचे दोन ड्रायव्हर, ओमप्रकाश, अन् मी पिशवीत आंब्याचं लोणचं घेऊन पोचलो. केवलरामनं मले पाहून विचारलं, "ये कौन साहब?"

देवानंद पंप दाबत दाबत म्हणाला, "ये हमारे साढ़ू. प्लांट में हाजिरी लगाते हैं, और मंगलवार को यहाँ गलती निकालते हैं. दोनों काम में मेहनत नहीं लगती."

हसले सगळे. केवलराम तं पोट धरून हसला. ओमप्रकाश, ज्याचा चहा मी चोवीस वर्षं पीत होतो, तोही हसला. माझ्या कानशिलाखालून आग निघाली. तीस वर्षं ज्या हातानं भट्टीच्या तोंडाशी पोलाद जोडलं, तो हात हजेरीचा?

इंटरकूलर पाण्यात गेला. देवानंद मोजायले लागला. अन् वीस-बावीसच्या जवळपास मले ते दिसलं. बुडबुडा नाही. बुडबुडा एकही नव्हता. दिसलं ते असं की टाकी अन् जाळीचा जोड त्यानं रांग्यानं केला होता. नेहमीसारखाच. जन्मभर केला तसा. अन् तो कायले दुसरं काही करेल? त्यानं जन्मभर पाणी पाहिलं. रेडिएटरमधलं पाणी उकळलं तरी किती तापणार? रांग्याले त्याचं काही वाटत नाही. पण टर्बोतून घाटावर येणारी हवा उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढं जाते, अन् तेवढ्या तापात, तेवढ्या दाबाखाली रांगा तासभर राहिला की मऊ पडतो. आमच्या शॉपमधे एका कॉम्प्रेसरच्या कूलरले हेच झालं होतं, मीच तो पुन्हा जोडला होता, पितळाची झाळ मारून, गॅसच्या बारीक ज्योतीवर. इथंही तेवढंच पाहिजे होतं. दोन जोड. एका दुपारचं काम. माझ्या हातचं काम. थंड पाण्याच्या हौदात हे कधीच दिसणार नव्हतं.

"शंभर! बोला!"

ड्रायव्हर काही बोलले नाहीत. ओमप्रकाशनं मान हलवली. देवानंदनं माझ्याकडं पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"भाऊजी?"

मी पाण्यात पाहत राहिलो. मी स्वतःले म्हटलं, तो बुडबुड्याचं विचारून राहिला, अन् बुडबुडा तं नाही. हाजिरीवाल्यानं कायले बोलावं?

"बोला, भाऊजी."

"मार पंच," मी म्हणालो.

त्याचं तोंड एकदम सैल झालं. त्यानं जाळी बाहेर काढली, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसली, अन् हातोडी घेतली. 'दे'. शेजारी ९८. मी लोणच्याची पिशवी सुशीलाच्या हातात दिली अन् चहा न पिताच निघालो.

पहिले दहा-पंधरा दिवस तं देवानंदचं नाव दणाणलं. गाडी राजनांदगावपर्यंत पळवून आणली अन् केवलराम पेढ्याचा पुडा घेऊन आला. ओढ काय वाढली होती, एसी लावून सहा माणसं घेऊन गाडी हरणासारखी जायची. ओमप्रकाश मले सांगायचा अन् मी ऐकून घ्यायचो. मलेच वाटायला लागलं की माझं चुकलं असेल, टिकेल कदाचित. अन् हेही सांगतो, टिकेल असं वाटलं की मले राग यायचा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात केवलराम स्वतः खाणीच्या तीन साहेबांना घेऊन जगदलपूरले निघाला. केशकालच्या घाटात, सातव्या-आठव्या वळणावर, बॉनेटखाली फाटकन आवाज झाला. मागून काळाकुट्ट धूर. गाडीले जीवच राहिला नाही. दुपारी एकचं ऊन, मागं ट्रकांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या, अन् त्या शिव्या ऐकत साहेब लोक एका दगडावर बसून. तीन तास. शेवटी एका ट्रकवाल्यानं दोर बांधून ओढलं. कोणाले इजा नाही झाली, देवाची कृपा. पण साहेबांनी परत आल्यावर काय लिहायचं ते लिहिलं.

चौथ्या दिवशी केवलरामनं तो इंटरकूलर आणून दुकानासमोर रस्त्यावर फेकला. मी तिथं नव्हतो, ओमप्रकाशनं सांगितलं. टाकी जाळीपासून केळ्याच्या सालासारखी सुटली होती. केवलराम भर चौकात ओरडला, तुले काही येत नाही तं घेतलं कावून, अन् ज्यानं त्यानं येऊन ते पितळ पायानं उलटंपालटं करून पाहिलं. वरच्या बाजूले पंच स्पष्ट दिसून राहिला होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा 'दे' वापस आला होता.

अन् मी काय केलं असेल? मी मंगळवारची वाटच पाहत बसलो. कपडे घालून तयार. कांतानं पिशवी दिली नाही, ती म्हणाली, आज नका जाऊ, त्यांची मनःस्थिती ठीक नसेल. मी म्हटलं, म्हणूनच तं जातो, नातेवाईक कायले असतात?

देवानंद हौदाच्या कठड्यावर बसला होता. ते तुटकं पितळ त्याच्या पायाशी. मी त्याच्या समोर उकिडवा बसलो, जोडावर बोट ठेवलं अन् सुरू झालो. किती छान बोललो मी! "हे पाय, रांगा इथून मऊ पडला. गरम हवा या तोंडातून येते, म्हणून हाच जोड आधी गेला. पान्याचा ताप वेगळा अन् कोंबलेल्या हवेचा ताप वेगळा. हौदात हे दिसतच नाही, कारण हौद थंडा. इथं पितळाची झाळ पाहिजे होती. दोन जोड, बास. मी तं तेव्हाच..."

तिथं थांबलो. पण थांबायले उशीर झाला होता.

देवानंद ओरडला नाही. मी त्याच्या ओरडण्याची तयारी करून आलो होतो, माझी उत्तरं तयार होती. तो माझ्याकडं पाहत राहिला अन् हळूच म्हणाला, "म्हंजे तुमाले त्या दिवशी माहीत होतं."

"तू बुडबुड्याचं विचारलं होतं," मी म्हणालो.

"मी दोनदा विचारलं, भाऊजी."

"सगळ्यांसमोर हाजिरीवाला म्हणतं अन् मंग..."

"चोवीस वर्षं मी तुमाले काय काय म्हणलो," तो म्हणाला. "तुमी मले काय काय म्हणले. तरी तुमी दर मंगळवारी आले, अन् मी येऊ देल्लं. कावून येऊ देत होतो मी? मले तुमी आवडता म्हनून? अवघड माल मी मंगळवारासाठी ठेवत होतो. बाकीचे लोक माझ्या तोंडाकडं पाहून गप्प बसतात, एक तुमीच होते जे कधी गप्प बसले नाही. तुमी बोलले नाही की मी डोळे मिटून पंच मारत होतो. हे दे म्हंजे माझं एकट्याचं नाव होतं असं वाटलं का तुमाले?"

सुशीला चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती. केव्हाची उभी होती कोणास ठाऊक. तिनं एक कप देवानंदजवळ ठेवला. दुसरा घेऊन ती आत गेली.

मी सायकल काढली. घरी आल्यावर कांतानं विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, काही नाही, ठीक आहेत. तिले अजून माहीत नाही.

दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. टिनं विकली, हौद तसाच राहिला, त्यात आता कोणी रोपं लावली आहेत. देवानंद हथखोजच्या एका फॅक्टरीत लागला, पत्र्याला भोकं पाडायच्या मशीनवर. साडेसातचा भोंगा, एकचा भोंगा, साडेचारचा भोंगा. मी नव्याण्णवमधे रिटायर झालो, क्वार्टर सोडलं अन् कोहक्यातच घर बांधलं. रोज सकाळी सव्वासातले तो माझ्या फाटकासमोरून सायकलनं जातो, हँडलले डबा. मी ओट्यावर चहा पीत असतो. तो घंटी वाजवत नाही अन् मी हाक मारत नाही. त्याचा मले राग येतो. दुसरा रस्ता आहे, त्या रस्त्यानं जाता येते ना त्याले! पण नाही, रोज इकडूनच. बरं, मीही आत जाऊन बसू शकतो. बसत नाही.

लोक म्हणतात, शेषराव सुधरला, आता कोणाच्या चुका काढत नाही. मोठ्या नातवानं खिडकीले रंग लावला, ओघळ आले होते, मी म्हटलं छान आहे. गवंड्यानं पायरी वाकडी बसवली, रोज ठेच लागते, बोललो नाही. तोंड उघडायले गेलो की तो हौद दिसते.

यंदा पोळ्याले सुशीलानं जेवायले बोलावलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा. फॅक्टरीत सुटी नव्हती, देवानंद सरळ शिफ्टवरून आला अन् पाटावर माझ्या समोरच बसला. पाटोडीचा रस्सा केला होता, पुरणपोळी होती. मी पहिला घास घेतला अन् माझे डोळे मिटले. रश्शात मीठ दोनदा पडलं होतं. खारट जहर. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायले लागली, कांता पाण्याच्या लोट्याकडं पाहायले लागली, सणाचा दिवस म्हणून कोणी काही बोलेना. अन् मग एकेक करून सगळे माझ्याकडं पाहायले लागले. पहिलेचा शेषराव असता तं पहिल्या घासाले बोलला असता.

देवानंदनं जेवण थांबवलं. घास हातातच धरून माझ्याकडं पाहिलं, तसंच, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"बोला, भाऊजी," तो म्हणाला.

दोन वर्षांत त्यानं मले पहिल्यांदा हाक मारली होती. मले माहीत आहे त्यानं कायले मारली. मले त्याच क्षणी समजलं होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, सुशीला, मीठ जास्त झालं बाई. तो लगेच काहीतरी टोमणा मारणार होता, मी उलटून बोलणार होतो, अन् कदाचित पुन्हा सुरू झालं असतं सगळं. शब्द ओठावर आले होते. पण सुशीला वाढायले उभी होती, हातात रश्शाची कढई, अन् मले तो परत नेलेला चहा आठवला.

"चांगला झाला," मी म्हणालो, अन् वाटी संपवली.

शेवटी सुशीला स्वतः जेवायले बसली. पहिलाच घास तिनं तोंडातून काढला. "अगं माय! एवढं मीठ! अन् सगळे मुकाट्यानं खाऊन राहिले? कोणी सांगतलं कावून नाही मले?"

"मी विचारलं होतं," देवानंद म्हणाला, अन् हात धुवायले उठला.